शेवटच्या पाण्याची पळी

आत्या, तू गेलीस त्या दुपारी घरात आलेली प्रत्येक बाई आधी देव्हाऱ्याकडे बघत होती आणि मग तुझ्याकडे. मी भिंतीला टेकून उभी होते. माणसं कशाकडे बघतात हे बघत राहायची माझी सवय तुला माहीत आहे. बोलणं टाळायला मला तेवढंच जमतं. देव्हाऱ्यात उजव्या अंगाला, जिथे लाल फडक्यात गुंडाळलेली चांदीची पळी असायची, तिथे तू अगरबत्तीचा पुडा ठेवला होतास. बायका तो पुडा बघत होत्या. मग तुझं तोंड. मग माझं.

तुझ्याविषयी लिहायचं म्हणजे त्या पळीविषयीच लिहावं लागणार, आणि त्या पळीविषयी तू कुणाला काही सांगितलं नव्हतंस. म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. भोरहून डोंगर ओलांडून वेल्ह्याच्या बाजूला उतरलं की भाताची अशी गावं पुष्कळ आहेत, त्यातलं एक. माणसांची नावंही बदलते आहे. तुझं लिहायची गरजच नाही, सगळे तुला आक्काच म्हणायचे. गावात हे कुणी वाचणार नाही. पण कुठेतरी, ज्यांनी तुला कधी पाहिलं नाही अशा चार माणसांना तरी कळावं, की तू ती चांदी विकली नाहीस.

वीतभराहून थोडी लांब, बोटाएवढी रुंद, अशी ती चांदीची पट्टी. चमच्याला असते तशी वाटी तिला नव्हतीच. दोन्ही टोकांना पन्हळ होती, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला इतकी बारीक की त्यातून पाण्याची नुसती तार यावी. पाठीमागे बारीक छाप होते, त्यातल्या एकात एक पंजा उचलून चालणारा सिंह. पणजोबा, म्हणजे तुझे आजोबा, भाटघरच्या धरणावर साहेबाच्या बंगल्यात पाणी भरायचे. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा सामान बांधता बांधता त्यानं ही त्यांच्या हातावर ठेवली. पणजोबा माळकरी. बंगल्याच्या मागच्या दारापर्यंतच त्यांचा वावर; टेबलावर काय असतं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना सिंह दिसला. सिंह म्हणजे देवीचा, म्हणून पळी देव्हाऱ्यात गेली.

मग त्यांची आई शेवटच्या आजारात दातखीळ बसून पडली. वाटीनं पाजलेलं पाणी ओघळून जात होतं. पणजोबांनी देव्हाऱ्यातली पळी काढली, बारीक टोक दातांच्या फटीत सरकवलं, आणि पाणी आत गेलं. ही गोष्ट तू मला इतक्यांदा सांगितली होतीस की मला ती पाहिल्यासारखी वाटते. तेव्हापासून वाडीत कुणाचंही शेवटचं आलं की आपल्या घरी माणूस यायचं. पणजोबांनंतर आजोबा पळी घेऊन जायचे. आजोबांनंतर तू. नवरा गेल्यावर तू माहेरी आलीस ती इथलीच झालीस, आणि गावानं तुला हे काम दिलं की तू ते उचललंस, मला माहीत नाही. विचारायचं राहिलं.

तू निघालीस की ओळखू यायचं. चूळ भरायची, हात धुवायचे, पळी पदराखाली. जाताना वाटेत कुणी हटकायचं नाही, येताना तू कुणाशी बोलायची नाहीस. त्या घरचा चहा घ्यायचा नाही. घरी आल्यावर पळी राखेनं घासून, तुळशीच्या पाण्यातून काढून उन्हात ठेवायची. ती वाळेपर्यंत तू उंबऱ्यावर बसून राहायचीस. मी सुट्टीला आलेली असले की तुझ्याशेजारी बसायचे. आपण काही बोलायचो नाही. मला ते फार बरं वाटायचं. नसरापूरच्या शाळेत मला इंग्रजीत बोल म्हणायचे आणि घरी पाहुण्यांपुढे मराठीत बोल म्हणायचे; काहीच बोलू नकोस म्हणणारं जगात तुझं एकच घर होतं.

ही पळी नक्की कशाची, हे कोडं तूच काढलंस. मी पुण्यात नोकरीला लागले होते. शनिवारी बाबांबरोबर आले तर तू पळी उन्हात ठेवून बसली होतीस. म्हणालीस, साहेबानं काय मड्याच्या तोंडात पाणी घालायला आणली नसंल ही. कशाला आणली आसंल?

मला वाटलं जॅमच्या बाटलीतून जॅम काढायला. बाबा म्हणाले, औषध पाजायची. तू भोरला बाजाराला गेलीस तेव्हा ओळखीच्या सोनाराला दाखवून आलीस. त्यानं सांगितलं, कान कोरायची. यावर तू दोन दिवस हसत होतीस. "साहेबाचा कान केवडा आसंल गं," म्हणायचीस आणि पुन्हा हसायचीस. मला म्हणालीस, तुमच्या शाळंत समदं शिकवत्यात, चमचा तेवडा न्हाई शिकवला का. मी म्हटलं, शोधते. मला तुझ्या उपयोगी पडायचं होतं. माझ्या इंग्रजीचा तुला कधी काही उपयोग झाला नव्हता.

फोनवर फोटो काढले. एक पूर्ण पळीचा, एक पन्हळींचा, एक छापांचा. सिंहाचा अर्थ लवकर सापडला. चांदी चोख आहे असं सांगणारा तो विलायतेतला सरकारी छाप होता. देवीशी त्याचा काही संबंध नव्हता. हे तुला सांगितलं तर तू मान हलवलीस. म्हणालीस, चोख हाय एवडं तर खरं ना, मग देवीला चालतंय.

आकाराचा अर्थ लागायला वेळ लागला. वाटी नाही, म्हणजे हिनं पातळ खायचं नव्हतं. धार नाही, म्हणजे कापायचं नव्हतं. काटे नाहीत. दोन टोकं दोन रुंदीची, म्हणजे जिच्यात घालायची ती वस्तू कधी जाड असते, कधी बारीक. अरुंद, खोल जागेत घालून काहीतरी मऊ कोरून बाहेर काढायचं, एवढं कळत होतं. मग एका परदेशी संग्रहालयाच्या पानावर आपल्या पळीची बहीण म्हणावी अशी पळी दिसली. शेजारी चित्र होतं. ताटात पांढऱ्या रुमालात गुंडाळून उभं केलेलं हाड, आणि त्याच्या नळीत खुपसलेली पळी.

तू अंगणात सुपात तांदूळ पाखडत होतीस. मला बघून म्हणालीस, "मिळालं का गं?"

मी खोटं बोलायला लागले की माझे कान लाल होतात. तू माझ्या कानांकडेच बघत होतीस. मी सांगितलं, की साहेब लोकांच्या जेवणातली आहे. हाडाच्या नळीतला मगज काढून खायची.

"कशाचं हाड?"

"मोठं हाड लागतं, आत्या. बैलाचं असेल."

तू सूप खाली ठेवलंस. चित्र दाखव म्हणालीस. फोन हातात न घेता, वाकून, खूप वेळ पाहिलंस. मग उठून गोठ्यात गेलीस. मी मागोमाग गेले तेव्हा तू आपल्या बैलाजवळ बसली होतीस आणि त्याच्या पुढच्या पायाच्या नडगीवरून हात फिरवत होतीस, वर खाली, जसं काही तिथे त्याला लागलं होतं.

त्या दिवशी जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी मी निघताना तू एवढंच म्हणालीस, "पारूच्या पोराला म्या हिनंच पाजलं."

पारूकाकी तुझी मैत्रीण. चार घरं सोडून राहणारी, तीही माळकरी. तिचा थोरला मुलगा काविळीनं गेला तेव्हा मी कॉलेजला होते आणि सुट्टीत तुझ्याकडे होते. तू मला तांब्या घेऊन बरोबर नेलं होतंस. तो माझ्यापेक्षा थोडाच मोठा. तू त्याच्या कानाशी वाकून म्हणालीस, घे बाळा, पानी घे, आमी समदी हितंच हाय. तुझा अंगठा त्याच्या गळ्यावर हलका टेकलेला होता, घोट उतरतोय का बघायला. उतरला. तू पारूकाकीकडे बघून मान हलवलीस. ती बाई इतका वेळ रडली नव्हती, तेव्हा रडली. घोट उतरला म्हणून रडली.

त्यानंतरचं आपलं भांडण तसं भांडण नव्हतंच. मी महिन्या-पंधरा दिवसांनी यायचे आणि आपण ते तिथूनच पुढे सुरू करायचो. मी म्हणायचे, की कदाचित त्या साहेबानं ती कधी वापरलीही नसेल. तू म्हणालीस, मग काय शोभंला आणली व्हती? मी म्हणायचे, वर्षानुवर्षं राखेनं घासली आहेस, आता ती फक्त चांदी आहे. कशासाठी घडवली यापेक्षा तिनं काय काम केलं ते बघ. तू म्हणालीस, तुला माळ न्हाई, तुला न्हाई कळायचं. मग भाकरी उलटत म्हणालीस की पुण्यात तू अंडं खातीस ते मला ठावं हाय, म्या कवा बोलले का? नव्हती बोललीस. त्या दिवशी बोललीस. मला लागलं, आणि तुलाही लागलं असावं, कारण तू पुढची भाकरी करपू दिलीस.

एकदा मी म्हटलं, सगळ्यांना सांगून टाकूया. ज्याला हवी तो घेईल, नको तो नाही घेणार.

"सांगून तू मोकळी हुशील," तू म्हणालीस. "त्यांनी कुठं जायाचं? मेल्याली मानसं परत बोलवून चूळ भरा म्हनू का म्या?"

 

मग तात्या आजारी पडले. तात्या म्हणजे पारूकाकीचे मालक. मी त्या आठवड्यात तुझ्याकडेच होते. सकाळी त्यांची सून मंदा अंगणात येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, पायात चप्पल नाही. म्हणाली, आक्का, चला, मामंजींचं काय खरं न्हाई. पळी घ्या.

तू चुलीपुढे बसली होतीस. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं तू "आले" म्हणशील, आणि माझं म्हणणं तुला पटलं असं मी मनात धरून टाकेन. तू मंदाकडे न बघता म्हणालीस, "हरवली गं ती."

"हरवली?"

"दिसंना झाली. तुळशीच्या पानानं घालते, चल."

मंदा तुझ्याकडे बघत राहिली. मग देव्हाऱ्याकडे. लाल फडकं तिथे नव्हतं. तू ते कधी काढलंस ते मलाही माहीत नव्हतं. ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या मग, आमी बघतो, आणि गेली. तू तिच्यामागून गेलीस. तुला त्यांनी ओसरीवर बसवलं. आत बोलावलं नाही.

तात्यांचा जीव लवकर गेला नाही. दिवसभर त्यांची घरघर रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. तू ओसरीवर बसून होतीस आणि आतून पाण्याच्या वाट्या बाहेर येत होत्या, भरलेल्या. संध्याकाळी सगळं थांबलं. गावात ठरलं की पळी नव्हती म्हणून जीव घुटमळला.

यापुढचं तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचीस, पण मी ऐकलं आहे. चांदीचा भाव वाढला की देव्हाऱ्यातलं बी हरवतंय, असं हापशावर तुझी पाठ वळल्यावर बायका म्हणायच्या. भाचीनं नेली, ती पुण्यात फ्लॅट घेणार हाय म्हणं. मी तेव्हा एका खोलीत तीन मुलींबरोबर राहत होते आणि माझी उशी ठेवायला मला स्वतःचं कपाट नव्हतं. हे तुला सांगितलं तेव्हा तू हसलीस. त्या सगळ्या काळातलं तुझं एवढंच हसणं मला आठवतं.

मी म्हटलं, एकदा काढून दाखव, नुसती दाखव, तुझ्यावरचा आळ तरी जाईल.

तू म्हणालीस, दावली तर मागतील.

त्याच खेपेला तू मोहरीच्या डब्यात हात घालून लाल फडकं काढलंस आणि माझ्या पिशवीत घातलंस. "घिऊन जा. गावात नगं."

मी विचारलं, विकू? तू म्हणालीस, न्हाई. वितळवू? न्हाई. नदीत सोडू? न्हाई गं. मग काय करू हिचं?

"ठावं न्हाई मला."

तुला ठाऊक नाही असं तू मला आयुष्यात पहिल्यांदा सांगत होतीस. आणि अशा रीतीनं भाचीनं पळी नेली हे गावाचं म्हणणं खरं झालं.

ज्या बाईनं गावातल्या कितीतरी घरांत शेवटचा घोट पाजला, तिच्या आजारात माणसं कशी यावीत? दारात मावू नयेत अशी. तुझ्या पोटात गाठ निघाली, भोरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. तुला घेऊन आलो तेव्हा टेम्पोतून उतरवायला बाबा, मी आणि टेम्पोवाला. बायका आपापल्या अंगणातून बघत होत्या. नंतर आल्या, आल्या नाहीत असं नाही. पण बसायच्या उंबऱ्याजवळ, आणि लवकर उठायच्या. पारूकाकी आली नाही. मला तिचा फार राग आला.

मी रजा काढून राहिले. तुला विचारायचं होतं. रोज सकाळी मी मनात वाक्य तयार करायचे, अगदी साधं: आत्या, तुझ्या वेळी कशानं घालू? आणि तुझं अंग पुसताना, तुझी वेणी घालताना, ते तोंडात आणून परत गिळायचे. ते विचारणं म्हणजे तू जाणार आहेस हे म्हणणं. तूही काही म्हणाली नाहीस. एकदा तुझी नजर खुंटीला टांगलेल्या माझ्या पिशवीवर बराच वेळ होती. तुला ठाऊक होतं का, की ती पळी मी पुण्याला कुठे ठेवू न कळून बरोबरच वागवत होते? की तू नुसतीच भिंत बघत होतीस? दुसऱ्या दिवशी तुझी वाचा गेली आणि प्रश्न माझ्याकडेच राहिला.

त्या दुपारी सगळ्याजणी आल्या. शेवटाला येतातच. बाबांनी तुझं डोकं मांडीवर घेतलं. तांब्या भरून ठेवला. तुझे दात आवळलेले होते.

मंदा म्हणाली, आवाज न चढवता, अगदी समजावल्यासारखं, "आता तरी काढ गं ती, जिथं ठिवली आसंल तिथनं. आमच्या मामंजींना न्हाई तर न्हाई मिळाली. आक्काला तरी मिळू दे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. "असली तर आण, बाळा," ते म्हणाले.

पिशवी हाताच्या अंतरावर होती. मी ती पळी काढली असती तर तू खोटारडी ठरली असतीस आणि मी चोर, पण तुझ्या घशाखाली पाणी गेलं असतं. ते बारीक टोक तुझ्या दातांच्या फटीतून सहज आत सरकलं असतं. तिथे उभं राहून मला ती फट दिसत होती, आणि पळी तिच्यात कशी बसेल तेही दिसत होतं. तुला ते पाणी हवं होतं का? तुझी माळ तुझ्या गळ्यात होती. गोठ्यातला तुझा हात मला आठवत होता. आणि माझंच म्हणणं मला आठवत होतं, की आता ती फक्त चांदी आहे. ते म्हणणं खरं करायची हीच वेळ होती.

मी मान हलवली. नाही म्हणाले. बाबांनी माझ्या कानांकडे बघितलं आणि डोळे खाली घेतले.

मग मी तांब्यात बोट बुडवलं आणि तुझ्या ओठांच्या फटीत धरलं. थेंब आत गेला की नाही कळेना. पुन्हा बुडवलं. पाणी तुझ्या ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आलं, तिथून माळेवर. मी तुझ्या पदरानं पुसलं, पुन्हा घातलं. मागून कुणीतरी म्हणालं, बोटानं? दुसरी म्हणाली, चांदी खाल्ली, आता बोटंच ऱ्हायली. मी दुसऱ्या हाताचा अंगठा तुझ्या गळ्यावर ठेवला, तू ठेवायचीस तसा. मला काही लागलं नाही. घोट उतरला का, आत्या? मला खरंच कळलं नाही. त्या क्षणापासून आजपर्यंत मी तोच अंगठा स्वतःच्या गळ्यावर ठेवून, गिळून बघते, की कसं लागायला हवं होतं.

मी तुझं ऐकलं, की तुला तहानलेली पाठवलं? तू असतीस तर आपण यावर महिन्या-पंधरा दिवसांनी भांडलो असतो.

तेरावा झाल्यावर बाबा वरव्याला आमच्या घरी परत गेले, त्यांची कंपनीतली रजा संपली होती. मी घर आवरायला मागे राहिले. मोहरीचा डबा पुसत होते तर दारात काठी वाजली. पारूकाकी. तिचे गुडघे पूर्ण गेले आहेत, हे मला तेव्हा कळलं. चार घरांचं अंतर ती मध्ये दोनदा बसून आली होती. तू आजारी असताना सुनेला आणून सोड म्हटलं तर तिनं नाही सोडलं, असं ती म्हणाली, तक्रार करावी तसं नाही, नुसतं सांगावं तसं.

ती देव्हाऱ्याकडे बघेल म्हणून मी वाट पाहत होते. तिनं बघितलं नाही. पाणी मागितलं, प्याली, तांब्या खाली ठेवला.

"हरवली म्हनली ना, तवाच म्या वळखलं," ती म्हणाली. "तिच्या हातनं जल्मात सुई हरवली न्हाई. इकली बी न्हाई. इकायचीच आसती तर नवरा मेला तवाच इकून खाल्ली आसती. काय तरी झालं आसंल."

गावात एक माणूस होतं, ज्याला तू चोर वाटली नव्हतीस. मला वाटलं आता सांगावं. हिला सांगितलं तर चालेल. हिला कळलं की तू तिच्याच नवऱ्यासाठी, तिच्याच माळेसाठी खोटं बोललीस, तर तुझ्यावरचं सगळं धुऊन निघेल. मी म्हणाले, "काकी, ती पळी ना..."

तिनं हात वर केला.

"सांगू नगं."



"माज्या पोरानं शेवटचं तेवडंच घेतलं तोंडात. तिच्या हातनं. ते हाय तसं ऱ्हाऊ दे मला."

बाहेर कुणाची तरी कोंबडी अंगणात येऊन गेली. मला वाटलं, तू ज्याच्यासाठी एवढं सोसलंस ते हेच होतं, आणि मी एका वाक्यानं ते घालवणार होते, तुझं नाव राखायला. तिनं ओळखलं आणि मला वाचवलं. तुलाही.

उठताना तिनं काठी माझ्या हातात दिली आणि माझ्या खांद्याला धरलं. म्हणाली, आक्का गेली, आता माज्या येळंला कोन? तू येशील का गं? मंदाला म्या सांगून ठेवते, पुन्याला फोन कर म्हनून.

मी म्हटलं, मला नाही जमणार, काकी. मला चार माणसांत उभं राहायलाही भीती वाटते. माझ्याकडून पाणी आत जात नाही. तुम्ही ऐकलं असेल.

"ऐकलं," ती म्हणाली. "तिला तरी कुठं येत व्हतं? पयल्यांदा आली ती आमच्याच घरी, माज्या सासूच्या येळंला. हात आसा लटलट कापत व्हता. निम्मं पानी उशीवर. घरी जाऊन वकली, दोन दीस जेवली न्हाई. म्या सांगितलं नव्हतं कुनाला."

मी तिला तिच्या दारापर्यंत सोडून आले. तिच्या वेळेला येईन म्हणाले. वाटेत कुणी हटकलं नाही, आणि परत येताना मीही कुणाशी बोलले नाही. घरी येऊन उंबऱ्यावर बसले, उन्हात.

आत्या, तुझा हात कापायचा, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.